विश्लेषण : शारदा सदनावरून पुण्यात वादळ का उठले? पंडिता रमाबाईंनी शाळा आणि श्रद्धा यांची सांगड कशी घातली?

पंडिता रमाबाई यांचा ५ एप्रिल हा स्मृतिदिन. संस्कृत पंडिता, बालविधवांसाठी शाळा काढणाऱ्या समाजसुधारक आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत आणणाऱ्या विदुषी म्हणून त्या ओळखल्या जातात. मात्र पुण्याच्या इतिहासात त्यांचे नाव एका मोठ्या वादाशीही जोडलेले आहे. धर्माबाबत तटस्थ राहण्याचे वचन देऊन काढलेल्या शाळेत शिक्षिकेने स्वतःची श्रद्धा किती उघडपणे जगावी, हा त्या वादाचा गाभा होता. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी हा प्रश्न जुना झालेला नाही.

रमाबाई पुण्यात कशा आल्या?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे, आजच्या कर्नाटकात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे चित्पावन ब्राह्मण आणि संस्कृतचे व्यासंगी पंडित. पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवल्याबद्दल त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. पुढे हे कुटुंब तीर्थक्षेत्रे फिरत, पुराणे सांगत जगू लागले. लक्ष्मीबाईंनीच मुलीला संस्कृत शिकवले. १८७० च्या दशकातील दुष्काळी वर्षांत आई, वडील आणि थोरली बहीण गेली. उरलेले रमाबाई व बंधू श्रीनिवास पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. वय होते अवघे वीस वर्षे.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर नोंदणी विवाह केला. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीचे पटकीने निधन झाले. तेवीस वर्षांची ही विधवा तान्ह्या मुलीला घेऊन पुण्याला आली. न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या सुधारक मित्रमंडळींनी तिचे स्वागत केले. रमाबाईंनी इथे आर्य महिला समाज स्थापला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. मुलींच्या शाळांना शिक्षिका हव्यात, तपासणीसाठी स्त्री अधिकारी हव्यात आणि स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावे, या त्यांच्या मागण्या होत्या.

ख्रिस्ती धर्म का स्वीकारला?

पुण्यात रमाबाईंचा परिचय इंग्लंडमधील वाँटेज येथील जोगिणींच्या संघाशी झाला. या अँग्लिकन संघाचे पुण्यातही काम होते. वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या इराद्याने रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्याने तो बेत सोडावा लागला. तिथे त्यांनी लंडनच्या फुलहॅम भागातील एक आश्रम पाहिला. समाजाने वाळीत टाकलेल्या स्त्रियांना या जोगिणी माणुसकीने सांभाळत होत्या. अशा स्त्रियांना आपल्याकडे पुन्हा उभे राहण्याची संधी कोणी देत नाही, याची रमाबाईंना तीव्र जाणीव झाली. दुसरीकडे, मूळचे काशीचे शास्त्री आणि नंतर ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लिखाणाने त्यांच्या तात्त्विक शंका फिटल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि मनोरमा यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात याने खळबळ उडाली. ज्या पंडितेला शहराने डोक्यावर घेतले होते, तिनेच धर्म सोडला, अशी भावना झाली. महात्मा जोतिराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली.

धर्म बदलला म्हणून रमाबाईंनी स्वतंत्र विचार करणे सोडले नाही, हे पुढचा वाद समजून घेण्यासाठी महत्त्वाचे. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात त्या शिकत होत्या आणि शिकवतही होत्या. तिथे त्यांनी मुलग्यांना वा पुरुषांना शिकवू नये, असे चर्चमधील वरिष्ठांचे मत पडले. रमाबाईंना ते मान्य नव्हते. चर्चची शिकवण जशीच्या तशी स्वीकारण्यावरून वाँटेजच्या जोगिणींशीही त्यांचे खटके उडाले. श्रद्धा आपली, पण तिचा अर्थ लावण्याचा अधिकारही आपला, ही त्यांची भूमिका होती. म्हणूनच शाळेसाठी मदत मागताना त्यांनी कोणत्याही एका पंथाचा आधार घेतला नाही.

शारदा सदन कसे उभे राहिले?

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि जवळपास तीन वर्षे तिथे राहिल्या. त्यांनी फ्रोबेलची बालवाडी पद्धत शिकून घेतली, ठिकठिकाणी व्याख्याने दिली आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. १८८७ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि खूप गाजले. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांचे लोक तिच्यात होते. शाळा दहा वर्षे चालवण्याइतका पैसा देण्याचे असोसिएशनने कबूल केले. अट एकच : शाळेत धर्मप्रसार होणार नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पुढे खर्चाचा विचार करून नोव्हेंबर १८९० मध्ये ते पुण्यात हलवण्यात आले. सल्लागार मंडळात रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. ख्रिस्ती बाईने चालवलेल्या संस्थेत हिंदू पालकांनी आपल्या विधवा मुली पाठवल्या, त्यामागे या नावांवरचा विश्वास मोठा होता.

सदनातले नियम काय होते?

संस्थेचे नाव विद्येच्या देवतेचे. स्वयंपाकघर ब्राह्मणी सोवळ्याओवळ्याच्या पद्धतीने चाले. ज्या मुलीला पूजा, उपास, व्रत करायचे असेल तिने ते करावे, त्याला आडकाठी नव्हती. मुलींना मराठी, इंग्रजी, संस्कृत, गणित आणि इतर विषय शिकवले जात. स्वतःच्या पायावर उभे राहता येईल असे काम हातात यावे, त्यातही शिक्षिका तयार व्हाव्यात, हा हेतू होता.

घरात अपशकुनी म्हणून कोपऱ्यात बसवलेल्या, केशवपन झालेल्या मुलींना इथे केस वाढवता येत. त्यांना बागेत फिरता येई, हसता येई, पुस्तक वाचता येई. अनेकींसाठी हे घरातील पहिलेच मोकळे वातावरण होते. रमाबाई त्यांच्याबरोबर राहत आणि आईसारखी देखरेख करत. पुढच्या वादाची बीजे याच जवळिकीत होती.

पुण्यातले वातावरण आधीच तापलेले का होते?

मिशनरी शाळा पुण्याला नव्या नव्हत्या. जोतिराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. सावित्रीबाईंच्या अध्यापन प्रशिक्षणातही मिशनरी शिक्षिकांचा वाटा होता. सरकारने १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर खासगी शाळांना अनुदान देताना त्यांच्या धर्मशिक्षणात न पडण्याचे धोरण ठेवले होते. पण शाळेमागून धर्मांतर येते, ही भीती ब्राह्मण समाजात खोल रुजली होती.

सदन पुण्यात येण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, ऑक्टोबर १८९० मध्ये, पंचहौद मिशनमधील चहाचे प्रकरण घडले. मिशनच्या कार्यक्रमात चहा-बिस्किटे घेतली म्हणून रानडे, टिळक यांच्यासह अनेक नामवंतांवर ग्रामण्य आले आणि प्रायश्चित्तापर्यंत मामला गेला. पाठोपाठ १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्यावरून शहर दोन तटांत विभागले. मिशनमध्ये घेतलेला एक कप चहा जिथे खपत नव्हता, तिथे ख्रिस्ती बाईच्या घरात राहणाऱ्या ब्राह्मण मुली डोळ्यांत खुपणार, हे उघड होते.

वादाचा नेमका मुद्दा कोणता?

रमाबाई मनोरमेसह रोज प्रार्थना करत आणि बायबल वाचत. हे त्यांच्या स्वतःच्या खोलीत चाले, पण खोलीचे दार त्या बंद करत नसत. काही मुली कुतूहलाने, काही मायेपोटी तिथे येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावले नाही आणि हाकललेही नाही. याच काळात, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या श्रद्धेलाही नवे वळण लागले. आपण ख्रिस्ती धर्म बुद्धीने स्वीकारला, पण ख्रिस्त मनाने अनुभवला नव्हता, असे त्यांना वाटू लागले. साहजिकच त्यांच्या वागण्याबोलण्यात श्रद्धा अधिक ठळकपणे दिसू लागली.

रमाबाईंचे म्हणणे असे होते : हिंदू मुलींना आपला धर्म पाळण्याची मोकळीक आहे, मग तीच मोकळीक मला का नाही? मी शिकवताना धर्म मधे आणत नाही. पण स्वतःच्या घरात मी लपून प्रार्थना करावी, ही अपेक्षा तटस्थतेची नव्हे. एखाद्या मुलीला ऐकावेसे वाटले तर तिला अडवणे हीसुद्धा जबरदस्तीच.

विरोधकांचा युक्तिवादही पोकळ नव्हता. ‘केसरी’तून लोकमान्य टिळकांनी सदनावर सातत्याने टीका केली. टीकाकारांचा रोख असा, की या मुली अल्पवयीन व निराधार आहेत. अन्न, छत्र, शिक्षण आणि माया या सगळ्यासाठी त्या एका बाईवर अवलंबून आहेत. अशा मुलीने त्या बाईच्या प्रार्थनेला बसणे म्हणजे पूर्ण स्वेच्छा कशी मानायची? पालकांनी मुली पाठवल्या त्या धर्मात ढवळाढवळ होणार नाही या शब्दावर. तो शब्द अक्षरशः मोडला नसला, तरी त्यामागचा विश्वास ढळला.

एका बाजूला शिक्षिकेचे श्रद्धास्वातंत्र्य आणि दुसऱ्या बाजूला आश्रित मुलीच्या संमतीचा प्रश्न, असा हा पेच होता.

१८९३ मध्ये काय झाले?

सल्लागार मंडळाची कोंडी झाली. रानडे आणि भांडारकर दोघेही प्रार्थना समाजाचे. धर्मसुधारणेला त्यांचा विरोध नव्हता आणि रमाबाईंच्या कामाबद्दल आदरही होता. पण पालकांपुढे तटस्थतेची हमी त्यांच्या नावाने गेली होती. मुली पालकांच्या परवानगीविना प्रार्थनेला बसतात, हे त्यांना मान्य होण्यासारखे नव्हते. ऑगस्ट १८९३ मध्ये मंडळाने राजीनामे दिले. पालकांनी सुमारे पंचवीस मुली काढून नेल्या. यातल्या बऱ्याच जणी पुन्हा त्याच घरांत, त्याच कोपऱ्यात गेल्या. वादात सर्वात मोठी किंमत मोजली ती त्यांनी.

बोस्टनची असोसिएशन रमाबाईंच्या पाठीशी राहिली. सदन बंद पडले नाही. १८९५ मध्ये सदनातील काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला आणि पुण्याच्या सुधारक वर्तुळाशी रमाबाईंचे संबंध जवळपास तुटले. टीकाकारांना आपले भाकीत खरे ठरल्यासारखे वाटले, तर रमाबाईंच्या दृष्टीने तो त्या मुलींचा स्वतःचा निर्णय होता.

बाया कर्वे यांचे उदाहरण काय सांगते?

शारदा सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. आठव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. भावाने त्यांना मुंबईत रमाबाईंकडे शिकायला ठेवले. ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे वाद ऐन भरात असताना, पुण्यात धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. त्या आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे झाल्या. रमाबाईंच्या सहवासात वर्षानुवर्षे राहूनही त्या हिंदूच राहिल्या आणि रमाबाईंबद्दलची कृतज्ञताही त्यांनी कधी लपवली नाही.

अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. शारदा सदनावरचा विश्वास उडालेल्या हिंदू घरांतील विधवांसाठी दुसरी जागा हवी, ही गरज त्यामागे होती. हाच आश्रम पुढे हिंगण्याला गेला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठापर्यंत पोहोचला. त्या अर्थाने शारदा सदनाने पुण्याला दोन वाटा दिल्या : एक केडगावची, दुसरी हिंगण्याची.

केडगावला गेल्यावर काय बदलले?

अमेरिकेच्या मदतीची मुदत दहा वर्षांची होती. पुढची तजवीज म्हणून रमाबाईंनी दौंड तालुक्यातील केडगाव येथे रेल्वेमार्गालगत जमीन घेऊन फळबाग लावायला सुरुवात केली होती. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. लहानपणी दुष्काळातच आईवडील गमावलेल्या रमाबाई तिथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे एका जागी इतक्या जणींना ठेवण्याची परवानगी नव्हती. त्यामुळे त्यांना केडगावच्या माळावर नेण्यात आले. तिथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

इथे शाळेचे रूपच पालटले. शारदा सदनात प्रामुख्याने ब्राह्मण विधवा होत्या. केडगावला शेतकरी, कष्टकरी आणि सर्व जातींच्या मुली आल्या. त्यांच्यासाठी नुसते पुस्तकी शिक्षण पुरणारे नव्हते. शेती, विणकाम, शिवणकाम, दुग्धशाळा, तेलघाणा, छापखाना अशी कामे शिकवली जाऊ लागली. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन झाले, तर अंध मुलींना ब्रेल शिकवण्यासाठी मनोरमाबाईंनी पुढाकार घेतला.

१८९८ मध्ये जुन्या असोसिएशनची मुदत संपली आणि तटस्थतेची अटही गेली. मुक्ती सदन ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. प्रार्थना, भजन, बायबलचे वाचन हा दिनक्रमाचा भाग होता. पुण्यातला पेच अशा रीतीने सुटला, पण त्यासाठी शाळेचे स्वरूपच बदलावे लागले. आता कोणाची फसगत होत नव्हती. पण दुष्काळातून वाचलेल्या, जायला दुसरी जागा नसलेल्या मुलीची संमती किती मोकळी, हा जुना प्रश्न त्यामुळे नाहीसा झाला असे म्हणता येत नाही.

ख्रिस्ती म्हणून त्या सरकारधार्जिण्या होत्या का?

तसे दिसत नाही. १८८९ च्या मुंबई काँग्रेस अधिवेशनात हजर असलेल्या मोजक्या स्त्रियांमध्ये त्या होत्या. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेग रुग्णालये आणि छावण्यांत स्त्रियांची जी आबाळ होत होती, तिच्यावर त्यांनी वृत्तपत्रात पत्र लिहून कडक टीका केली. आपल्या सदनातील एका मुलीच्या वाट्याला जे आले त्याचा त्यांना संताप होता. त्या पत्राचे पडसाद ब्रिटिश संसदेपर्यंत उमटले आणि मुंबई सरकार अस्वस्थ झाले. राज्यकर्त्यांचा धर्म आपला धर्म असला, तरी राज्यकर्त्यांचा कारभार आपला नव्हे, हा फरक त्यांनी नेहमी केला. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले, तेही त्यांच्या सेवाकार्यासाठी.

बायबलचे भाषांतर कशासाठी?

त्या काळी उपलब्ध असलेले मराठी बायबल संस्कृतप्रचुर होते. केडगावच्या खेडवळ मुलींना ते कळत नसे. प्रकांड संस्कृत पंडित असलेल्या रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत नवे भाषांतर हाती घेतले. त्याची जुळणी आणि छपाई आश्रमातल्याच मुलींनी केली. शिक्षिका आणि श्रद्धावान अशा त्यांच्या दोन्ही भूमिका इथे एकत्र आल्या : धर्मग्रंथ असो की पाठ्यपुस्तक, वाचणारीला कळले पाहिजे. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले. एकुलती मुलगी, आणि संस्था पुढे चालवणारी म्हणून ज्यांच्याकडे पाहायचे, त्याच गेल्या. त्यानंतरही रमाबाईंनी काम सोडले नाही. भाषांतर हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला.

आजचा कायदा या प्रश्नाकडे कसा पाहतो?

१८९३ मध्ये रानडे, टिळक आणि रमाबाई ज्या मुद्द्यावर अडले, त्याचे उत्तर भारतीय राज्यघटनेने १९५० मध्ये दिले. अनुच्छेद २५ नुसार प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचे, पाळण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य आहे. अनुच्छेद २८ नुसार, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि विद्यार्थी अल्पवयीन असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, धर्मशिक्षणाला वा प्रार्थनेला बसायला लावता येत नाही. अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क दिला.

रमाबाईंचा मुद्दा अनुच्छेद २५ मध्ये दिसतो, सल्लागार मंडळाचा अनुच्छेद २८ मध्ये. घटनाकारांनी दोन्ही बाजूंना जागा दिली. पालकांची संमती हा शारदा सदनाच्या वादातला कळीचा शब्द आज कायद्यात आहे. मात्र कायदा जबरदस्तीला रोखतो. शिक्षिकेच्या वागण्यातून, तिच्या मायेतून मुलांवर जो परिणाम होतो, त्याचे मोजमाप कायद्याला करता येत नाही. ते शिक्षिकेच्या विवेकावर आणि पालकांच्या विश्वासावरच सोडावे लागते.

रमाबाईंचे आज काय उरले आहे?

केडगावचे मुक्ती मिशन आजही सुरू आहे. मुंबईत गावदेवी भागातील रस्त्याला त्यांचे नाव आहे, १९८९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. पुण्यात मात्र दीर्घकाळ त्यांची आठवण अवघडलेपणानेच काढली गेली. धर्मांतरामुळे हिंदू सुधारकांच्या यादीत त्या बसत नव्हत्या आणि स्वतंत्र बाण्यामुळे मिशनऱ्यांच्या चौकटीतही. गेल्या काही दशकांत स्त्री-अभ्यासकांनी त्यांचे लेखन, पत्रे आणि प्रवासवर्णन पुन्हा वाचकांसमोर आणले, तेव्हा हे चित्र बदलू लागले.

शारदा सदनाच्या वादात कोण बरोबर होते, याचा निकाल एका वाक्यात लागत नाही. मात्र एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य करावी लागली. ज्या मुलींच्या धर्माची काळजी अख्ख्या शहराला पडली होती, त्यांच्या शिक्षणाची, केसांची आणि जेवणाची काळजी त्याआधी फार थोड्यांनी घेतली होती. रमाबाईंनी ती घेतली. त्यानंतरच ती इतरांनाही घ्यावीशी वाटली.